उरलेल्या वेळात घडलेलं शहर : डोंबिवलीची गोष्ट

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच एक गंमत सांगते. आजचा विषय ठरला तेव्हा माझी एक मैत्रीण म्हणाली, "डोंबिवलीचा इतिहास? पंधरा मिनिटांत संपेल गं. उरलेला वेळ काय करणार?" (हशा) आता तिचं अगदीच चूक नव्हतं. आमच्या शेजारी कल्याण आहे. कल्याणच्या लोकांनी दिलेल्या दानांचे उल्लेख कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत सापडतात. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, दुर्गाडीचा किल्ला अजून खाडीकाठी उभा आहे. आणि आमच्याकडे? किल्ला नाही, वाडा नाही, राजा नाही. लढाई एकच, रोज सकाळी फास्ट गाडीत चढण्याची. (हशा)

पण मैत्रिणीचा तो शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. "उरलेला वेळ काय करणार?" आणि विचार करता करता मला वाटलं, अरे, हाच तर डोंबिवलीचा इतिहास आहे. दिवसाचा मोठा भाग मुंबईला आणि प्रवासाला देऊन झाल्यावर जो वेळ उरतो, त्या उरलेल्या वेळात लोकांनी हे शहर घडवलं. आज मला एवढंच सांगायचं आहे. त्यातून काय मिळालं, काय राहून गेलं, आणि तो उरलेला वेळच आता संपत आलाय त्याचं काय करायचं.

वसवलेली गावं आणि वसत गेलेलं गाव

आधी आजूबाजूला बघू. उल्हासनगर कसं झालं? फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये ठेवलं, आणि 1949 मध्ये त्या छावण्यांचं उल्हासनगर झालं. म्हणजे सरकारने वसवलं. अंबरनाथला काड्यापेटीचा कारखाना आला, पुढे ऑर्डनन्स फॅक्टरी आली, म्हणजे कारखान्यांनी वसवलं. नवी मुंबईसाठी 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, नकाशा आधी काढला, माणसं नंतर आली.

डोंबिवली कुणी वसवली? कुणीच नाही. तिचा नकाशा आधी कुणी काढला नव्हता. ती वसत गेली. आणि एकदा हे लक्षात आलं की शहराच्या स्वभावातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. चांगल्याही आणि वाईटही.

गाडी आधी आली, माणसं नंतर

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पुढच्याच वर्षी, 1 मे 1854 ला, ती कल्याणपर्यंत पोहोचली. म्हणजे आजच्या डोंबिवलीतून रूळ तेव्हाच गेले. पण स्टेशन झालं 1887 साली. तीसेक वर्षं गाडी आमच्या शेतांमधून धूर सोडत, न थांबता जात होती.

शेतं म्हणजे भाताची. एका बाजूला उल्हास नदीची खाडी, मोठागावला रेतीबंदर. पाथर्ली, आयरे, चोळे, ठाकुर्ली, नवागाव, कोपर ही मूळ गावं. वस्ती प्रामुख्याने आगरी समाजाची. भातशेती, खाडीतली मासेमारी, रेती. आज ही सगळी नावं रिक्षावाल्याला सांगायचे पत्ते झाली आहेत. पण ती गावं होती, त्यांना शिवार होतं, देव होते, जत्रा होत्या. हे मुद्दाम आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी मध्यमवर्गाचं कौतुक करणार आहे आणि तेव्हा हे विसरायला होतं.

1925 मध्ये मुंबईत पहिली विजेची गाडी धावली, व्हीटी ते कुर्ला. त्यानंतर थोड्याच वर्षांत वीज कल्याणच्या पुढे गेली, आणि त्या गाड्यांसाठी रेल्वेने वीजघर उभारलं ते आमच्या ठाकुर्लीला, चोळ्याचं पॉवरहाउस. मुंबईच्या गाड्या डोंबिवलीच्या दारातल्या विजेवर धावायच्या, असं आम्ही अभिमानाने सांगतो. फारसं काही नाही ना सांगायला, म्हणून. (हशा)

'ब्लॉक घेतला'

खरी भर पडली ती स्वातंत्र्याच्या आगेमागे. आणि तिचं एक कारण कायद्याच्या पुस्तकात आहे, 1947 चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा. आता हा कायदा भाडेकरूच्या रक्षणासाठीच होता. ज्यांना आधीच खोली होती त्यांची सोय झाली. पण भाडी गोठल्यावर भाड्याने द्यायला नवीन चाळ कोण बांधणार? आणि जुनी खोली रिकामी झालीच तर पागडी. मग गिरगावातल्या, दादर-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत आईवडील, दोन भाऊ, थोरल्याचं लग्न झालेलं, धाकट्याचं ठरलेलं. धाकट्याने जायचं कुठे?

तो गाडीत बसला. कुर्ला महाग, मुलुंड महाग, ठाणंही परवडेना. तसा पुढे पुढे सरकत पारसिकच्या डोंगरापलीकडे आला. व्हीटीपासून 48 किलोमीटर. इथे बैठ्या चाळी होत्या, पुढे दोन-तीन मजली इमारती झाल्या. आणि 'ब्लॉक' हा शब्द आला. आज आपण फ्लॅट म्हणतो. तेव्हा लोक म्हणायचे, "डोंबिवलीला ब्लॉक घेतला." त्यात अभिमान असायचा, कारण संडास घरात असायचा. चाळीतल्या माणसाला ती केवढी मोठी गोष्ट! पाणी विहिरीचं, वीज अधूनमधून, पावसात रस्ता शोधावा लागे. पण दार लावलं की घर आपलं.

आमचे वडील असेच आले. त्यांच्या ऑफिसातले लोक त्यांना म्हणायचे, "काय, गावाला राहायला गेलात म्हणे!"

रविवारचं गाव

आता मुख्य गोष्ट. हे कोण लोक होते? रेल्वे, पोस्ट, बँक, विमा, सचिवालय, महापालिका, यांतले कारकून. पगार बेताचा, पण दोन गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. एक, त्यांना कागद कळत होता. घटना लिहायची, नोंदणी करायची, पावती फाडायची, हिशेब तपासून घ्यायचा, इतिवृत्त ठेवायचं. हे ते दिवसभर साहेबासाठी करत होते. आणि दोन, त्यांचं ऑफिस साडेपाचला सुटत होतं. साडेपाचला सुटलेला माणूस सात-सव्वासातला घरी. जेवणाआधी तासभर हाताशी, आणि पूर्ण रविवार.

त्या तासाभरात काय झालं बघा. शाळा नाही, तर शिक्षण मंडळ काढलं, वर्गण्या जमवल्या. वाचनालयं निघाली. गणपती उत्सव, व्याख्यानमाला, नाटकं. 1924 मध्ये स्थापन झालेलं गणेश मंदिर हळूहळू देवळापेक्षा जास्त काहीतरी झालं, गावाचा चौकच म्हणा ना. कारकुनाला मोठी बँक कर्ज देईना, तर 1970 मध्ये डोंबिवली नागरी सहकारी बँक निघाली. आणि हे फक्त मराठी माणसांनीच केलं असं समजू नका. इथले मल्याळी लोक एकत्र आले, त्यांच्या केरळीय समाजाने शाळा काढली, पुढे कॉलेज काढलं. तमिळ, कानडी, गुजराती मंडळींच्याही संस्था झाल्या. पद्धत सगळ्यांची एकच, वर्गणी आणि रविवार.

पु. भा. भावे इथे राहिले, शं. ना. नवरे इथे राहिले. शन्नांच्या कथांमधली साधी, सभ्य, थोडी दमलेली माणसं आम्ही प्लॅटफॉर्मवर रोज बघत होतो. 1999 मध्ये गुढीपाडव्याची स्वागतयात्रा गणेश मंदिराच्या पुढाकाराने इथे सुरू झाली. आज ठाण्यात, गिरगावात, महाराष्ट्रभर पाडव्याला अशा यात्रा निघतात. म्हणजे गिरगावातून जागा नाही म्हणून आलेल्या लोकांनी गिरगावला एक प्रथा परत पाठवली. दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे फडके रोडवर नटूनथटून जमणाऱ्या मुलामुलींना कुणी आमंत्रण देत नाही. तेही असंच, आपोआप.

आणि हो, संस्था फक्त गावातच झाल्या असं नाही. गाडीच्या डब्यातही झाल्या. भजनी मंडळं, भिशी, दसऱ्याच्या आधी डब्याला बांधलेली तोरणं. ज्यांना गावात बसायला वेळ मिळाला नाही त्यांनी डब्यातच गाव केलं.

उरलेला वेळ कुणाचा होता?

इथपर्यंत सांगितलेली गोष्ट आम्हा डोंबिवलीकरांना फार आवडते. 'सांस्कृतिक नगरी' म्हणून आम्ही ती एकमेकांना सांगतो. पण इतिहास सांगायचा तर तिच्या कडेला जे राहिलं तेही सांगावं लागतं. तीन गोष्टी सांगते.

पहिली. साडेसातला मीटिंगला गेलेल्या माणसाचा तो तासभर उरला कसा? कारण घरी कुकर दुसऱ्या कुणीतरी लावलेला होता. माझी आई नोकरी करायची. तीही त्याच वेळेला सुटायची. पण ती गाडीतच भाजी निवडायची. मटार सोलून, मेथी निवडून पिशवी घरी यायची. तिचा वेळ उरतच नव्हता. म्हणून जुन्या संस्थांच्या कार्यकारिणीचे फोटो बघा, ओळीने पुरुष. बायका फोटोत आहेत त्या बहुतेक हळदीकुंकवाच्या. ही तक्रार नाही, हिशेब आहे. शहर ज्यांच्या वेळावर उभं राहिलं त्यांची नावं फलकावर नाहीत.

दुसरी. जमीन. आम्ही म्हणतो 'आम्ही आलो तेव्हा इथे काही नव्हतं'. मंडळी, शेत होतं. गुंठ्या-गुंठ्याने विकलं गेलं. काहींना पैसा मिळाला, काहींच्या हातात फक्त सातबाऱ्यावरचं जुनं नाव राहिलं. आणि गावं आपल्या मर्जीविना शहरात ओढली गेली. भोवतालच्या 27 गावांचं उदाहरण घ्या. 1983 मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका झाली तेव्हा ती आत आली. 2002 मध्ये वगळली. 2015 मध्ये पुन्हा घेतली. आत-बाहेर, आत-बाहेर. त्या गावांतल्या लोकांचं म्हणणं साधं होतं : कर शहराचा आणि पाणी गावाचं, असं का? आमची वेगळी नगरपालिका द्या.

पण याला एक पुढची बाजूही आहे. 2017 च्या फेब्रुवारीत डोंबिवलीत नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. ज्या गावाला आपल्या वाचनालयांचा एवढा अभिमान, तिथे ते कुणी भरवलं? आगरी यूथ फोरमने. कुठे भरलं? आगरी समाजातल्या वारकरी संताच्या नावाच्या, सावळाराम महाराज क्रीडासंकुलात. आमच्यातले काही जण तेव्हा कुजबुजले, "यांना साहित्यातलं काय कळतं?" मला त्या कुजबुजीची आजही लाज वाटते. ज्यांच्या शेतात आपण घरं बांधली त्यांनी आपल्या भाषेचं लग्नघर सजवलं, आणि आपण आहेराची यादी तपासत बसलो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

वर्गणीने होतं ते आणि होत नाही ते

मी एकदा सहज दोन याद्या केल्या. डोंबिवलीत काय चांगलं आहे? वाचनालयं, शाळा, सहकारी बँक, गाण्याचे वर्ग, नाट्यसंस्था, व्याख्यानमाला, शोभायात्रा. काय वाईट आहे? गटारं, रस्ते, फूटपाथ, पूल, कारखान्यांची तपासणी, बेकायदा इमारती. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि मला एकदम दिसलं. जे वर्गणीने होतं ते सगळं आमच्याकडे आहे. जे वर्गणीने होत नाही ते नाही.

वर्गणी काढून नाट्यसंस्था निघते, पूल निघत नाही. 2019 मध्ये कोपरचा पूल धोकादायक म्हणून बंद झाला, आणि 2021 मध्ये नवा उघडेपर्यंत पूर्व आणि पश्चिम दोन वेगळी गावं असल्यासारखी होती. वर्गणीने वाचनालयात पुस्तक येतं, पण कारखान्याची चिमणी तपासता येत नाही. एमआयडीसी आली तेव्हा भोवती मोकळी शेतं होती. मग घरं सरकत सरकत कुंपणाला भिडली, आणि कारखाने आधी की घरं आधी यावर आम्ही वाद घालत बसलो. 2014 च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला. लोकांनी फोटो काढले. 2016 च्या मे महिन्यात एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या, माणसं गेली. 2024 च्या मे महिन्यात पुन्हा तसाच स्फोट, पुन्हा माणसं गेली. मधल्या आठ वर्षांत आमच्या किती व्याख्यानमाला झाल्या, मोजा. त्यांतल्या किती या विषयावर झाल्या, तेही मोजा. मीही त्यात आले, मीही बोलले नव्हते.

आणि घरांचं. ज्या गावाची सुरुवातच 'ब्लॉक घेतला' या आनंदाने झाली, तिथे बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या 65 इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. त्या इमारतींत राहणारा माणूस कोण आहे? तोच. धाकटा भाऊ. फक्त आज तो गिरगावातून नाही, दिव्यातून, भांडुपमधून, सोलापुरातून, उत्तर प्रदेशातून आलाय. त्याने कागद बघितले होते. कागदच खोटे होते. ज्या गावाला कागद कळत होता म्हणून ते उभं राहिलं, त्याच गावात कागदाने माणसाला फसवलं.

असं का झालं? माझं मत सांगते, पटलं नाही तर नंतर भांडा. आम्हाला सवय लागली होती, सरकारकडे मागायचं नाही, आपलं आपण करायचं. ती सवय चांगली होती, तिने शाळा दिल्या. पण तिची दुसरी बाजू अशी की आपण मागायलाच विसरलो. महापालिका म्हणजे आपलीच मोठी संस्था आहे, तिचंही इतिवृत्त वाचायचं असतं, तिचाही हिशेब तपासायचा असतं, हे आमच्या अंगवळणी पडलं नाही. गणेशोत्सवाच्या जमाखर्चात दहा रुपयांचा फरक आला तर आम्ही रात्री बारापर्यंत भांडतो. महापालिकेचा अर्थसंकल्प आमच्यातल्या किती जणांनी उघडून पाहिलाय?

आता वेळ उरतो कुठे?

1982 च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली कुटुंबं इकडे आली. मग आयटीवाले आले, मग निळज्याजवळ पलावासारखी अख्खी नवी शहरं उभी राहिली. 2011 च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती, तीही ती 27 गावं बाहेर असताना.

या नव्या माणसाचं ऑफिस साडेपाचला सुटत नाही. तो ऐरोलीला, पवईला, बीकेसीला जातो, रात्री नऊ-दहाला परततो. उभ्यानेच जातो, उभ्यानेच येतो. आणि सगळेच परततात असंही नाही. 2025 च्या 9 जूनला मुंब्र्याच्या वळणावर दाराशी लटकलेले प्रवासी गाडीतून पडले, त्यांत काही जण गेले. आमच्या पिढीतल्या कुणालाही ती बातमी वाचून आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं नाही, यातच सगळं आलं.

तेव्हा आमच्या जुन्या संस्थांमधली ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "नवीन पिढी येत नाही हो, यांना संस्कृतीची आवड नाही." मी त्यांना सांगते, आवड आहे, वेळ नाही. तुम्ही आम्ही फार मोठे नव्हतो. आपल्याला साडेपाचची गाडी मिळत होती. म्हणून माझं म्हणणं, गाड्या वाढवा, गावाजवळ कामं आणा, ही मागणीसुद्धा सांस्कृतिक मागणी आहे. वेळ परत मिळाला तर वाचनालय आपोआप भरेल.

समारोप करते. मागची बाजू घड्याळाकडे बघायला लागली आहे, तिकडे पनवेलवाले असतील. (हशा)

एक विनंती आहे. तुमच्या सोसायटीची, मंडळाची, वाचनालयाची पहिली इतिवृत्ताची वही कुठेतरी कपाटात असेल. ठरावांची, वर्गणीच्या नोंदींची, विहिरीच्या पंपाच्या भांडणाची. पुनर्विकासाला इमारत गेली की ती वही रद्दीत जाते. कृपा करून देऊ नका. आमच्या गावाचा शिलालेख म्हणजे ती वही आहे. कान्हेरीच्या लेण्यात कल्याणच्या लोकांनी काय दिलं ते कोरलंय. डोंबिवलीत कुणी काय दिलं ते त्या वहीत निळ्या शाईने लिहिलंय : अमुक रुपये, आणि दर रविवारी दोन तास.

ती वही उघडा. आणि नव्या पानावर या वेळी गटाराचा ठराव लिहा, पुलाचा लिहा, कारखान्याच्या तपासणीचा लिहा. आणि त्या ठरावाला सूचक-अनुमोदक म्हणून निदान एक बाई असू द्या, आणि एक जण मूळ गावातला.